चीजवर खोचलेली नावं

पाहुण्यांसाठी चीजची फळी लावावी ती वहिनींनीच, याबद्दल नवऱ्याच्या मित्रमंडळींत दुमत नव्हतं. हीच मंडळी त्यांना वहिनी म्हणायची, आणि पुढे गल्लीनंही तेच नाव उचललं.

फळी लावायची त्यांची एक रीत होती. मोठी लाकडी फळी ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची. आधी ऑलिव्हची आणि मधाची वाटी मांडायची, मग चीज, तीही एकमेकांशी भांडण झाल्यासारखी लांब लांब, म्हणजे एकाचा वास दुसऱ्याला लागत नाही. सलामीच्या, म्हणजे खारवलेल्या मांसाच्या, पातळ चकत्या पेल्याच्या काठावर दुमडत न्यायच्या आणि पेला उपडा करायचा, की झाला गुलाब. उरलेल्या फटींत द्राक्षं, अंजीर, भाजलेले बदाम. लाकूड कुठे दिसलं तर काम अर्धवट.

त्या हे सगळं करत असताना नवरा ओट्याशेजारच्या स्टुलावर बसून बदाम पळवायचा आणि जिभेचा पट्टा सोडायचा. दारं-खिडक्या बनवणाऱ्या कंपनीत तो विक्रीप्रमुख होता आणि बोलण्यात कुणाला हार जायचा नाही. येणाऱ्या पाहुण्यांना तो फळीवरच्या जिनसांची नावं द्यायचा.

"हे भोकांचं चीज म्हणजे आमचे साहेब. आकार बघा केवढा, आणि आत सगळी हवा! ही निळ्या बुरशीची म्हणजे साहेबांची बाईसाहेब, महाग आणि कुबट. हे मऊ चीज आपला हिशेबनीस, दाबाल तिकडे दबणार. आणि सलामी कोण, सांग बघू?"

"दाताचे डॉक्टर," वहिनी हसू दाबत म्हणायच्या. दाताचे डॉक्टर समोरच्याच घरात राहायचे.

"बरोबर! चरबी जास्त, मांस कमी."

पाहुणे आले की हाच माणूस दारात साहेबांचा हात दोन्ही हातांत घ्यायचा. वहिनींना ते खटकायचं, पण घरातली थट्टा घरात राहते म्हणून त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. त्याही हसत होत्याच की.

गेल्या वर्षी वहिनींच्या वडिलांना, अण्णांना, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि शब्दांची अदलाबदल झाली. चष्मा हवा असला की तोंडातून चमचा निघायचा. आई आधीच गेलेली, म्हणून वहिनींनी अण्णांना घरी आणलं आणि मागची खोली दिली. बोलायला शिकवणारी बाई यायची. अण्णा शाळेतल्या पोरासारखे तिच्यापुढे बसून शब्द घोटायचे, चुकले की स्वतःवरच चिडायचे, पुन्हा म्हणायचे. हळूहळू शब्द जागेवर यायला लागले होते.

एका संध्याकाळी घरी पाहुणे होते. आपणही बाहेर येऊन चार शब्द बोलतो, असं अण्णांनी खुणेनं आणि अर्ध्यामुर्ध्या शब्दांनी सांगितलं. त्यांनी कपाटातून इस्त्रीचा सदरा काढला. वहिनी बटणं लावायला गेल्या तर त्यांनी हात झटकला. डाव्या हातानं एकेक बटण स्वतः लावत बसले. वहिनी स्वयंपाकघरात गेल्या आणि फळी उचलून बाहेर निघाल्या. बोळकांडीत त्यांना अण्णा भिंतीला धरून उभे दिसले. ते दिवाणखान्याच्या दारापाशी येऊन थबकले होते.

आत नवरा उभा होता. त्यानं तोंड एका बाजूला लोंबवलं होतं आणि उजवा हात छातीशी मुडपून घेतला होता. "च... च... चमचा द्या हो! पेपर वा... वाचायचाय!"

साहेबांनी मांडीवर थाप मारली. बाईसाहेबांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. डॉक्टर आणि हिशेबनीस तर पोट धरून हसत होते.

अण्णा मागे वळले, खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. वहिनींनी फळी टेबलावर ठेवली, सगळ्यांच्या हातात बशा दिल्या. फळीवरचं एक द्राक्षही हललं नाही.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा बोलेनात. शिकवणारी बाई आली, तिनं नाना प्रकार केले, अण्णांनी ओठ उघडले नाहीत. पुढच्या खेपेलाही तेच. शेवटी ती वहिनींना बाजूला घेऊन म्हणाली, "त्यांना येत नाही असं नाही हो. त्यांना नकोय."

त्या संध्याकाळी वहिनींनी नवऱ्याला सांगितलं, "त्या दिवशी तुम्ही नक्कल केलीत ना, ती अण्णांनी बघितली. दारातच उभे होते."

नवऱ्यानं मोबाइलवरून मान वर केली. क्षणभर त्याचा चेहरा पडला, मग सावरला. "अगं, गंमत होती ती. आणि त्यांना कुठे एवढं कळतंय आता?"

नक्कल कदाचित वहिनींनी गिळलीही असती. हे वाक्य मात्र घशात अडकलं ते अडकलंच. त्या भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. नवऱ्याला वाटलं, विषय मिटला.

मग एक दिवस नवरा उड्या मारतच घरी आला. साहेब त्याला कंपनीत भागीदार करून घेणार होते आणि तसं घरी येऊन, सगळ्यांसमोर सांगणार होते. "नेहमीचीच मंडळी आहेत. पण या वेळी फळी अशी लाव, की सगळे बघत राहिले पाहिजेत."

"बघत राहतील," वहिनी म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांनी सगळं मनापासून केलं. सामान भारीतलं आणलं. भोकांच्या चीजचा मोठा तुकडा, निळ्या बुरशीचं पिकून ओघळायला आलेलं, मऊ चीजची अख्खी चकती. सलामीचे इतके सुंदर गुलाब त्यांच्या हातून आधी कधी झाले नव्हते. बाजारातल्या फळीवर चीजची नावं लिहिलेले कागदी झेंडे असतात, तसेच त्यांनी काड्यांना चिकटवून तयार केले. अक्षर ठळक आणि वळणदार काढलं. चष्मा नसलेल्यालाही वाचता यावं असं. एकेक झेंडा खोचताना त्यांना आतून असं गार गार वाटत होतं, की कितीतरी दिवसांत तसं वाटलं नव्हतं. मग सगळ्यावर पांढरं फडकं झाकलं.

पाहुणे यायच्या आत त्यांनी अण्णांना आणून दिवाणखान्यातल्या मोठ्या खुर्चीत बसवलं.

"यांना कशाला बाहेर?" नवरा कुजबुजला.

"घरचे आहेत," वहिनी मोठ्यानं म्हणाल्या.

मंडळी आली. अण्णांना बघून सगळे जरा चपापले, पण नवऱ्यानं विनोदांची सरबत्ती लावली आणि बैठक रंगली. साहेबांनी घसा खाकरला. "तर मंडळी, आज मी आलोय ते एका खास कारणासाठी..."

"आधी तोंड तर गोड करा," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी फळी आणून मधोमध ठेवली. फडकं उचललं.

"अहाहा!" बाईसाहेब पुढे झुकल्या. "वहिनी, हात दाखवा तुमचा! आणि हे झेंडे किती गोड! काय लिहिलंय, बघू तरी. 'पोकळ साहेब. आत सगळी हवा.'" त्या खुदकन हसल्या. "हे काय हो? 'महागडी बाईसाहेब. कुबट.'"

त्यांचं हसू ओठांवरच राहिलं.

डॉक्टरांनी सलामीवरचा झेंडा वाचला, हिशेबनिसानं मऊ चीजवरचा. नवऱ्याचा चेहरा चुना फासल्यासारखा झाला. "अगं, हे काय भलतंच!"

"नावं ह्यांनीच ठेवलीत," वहिनी पाहुण्यांना म्हणाल्या. आवाज बिस्किटं पुढे करतानाचाच होता. "तुम्ही यायच्या आधी आत बसून हीच करमणूक चालते. मी फक्त लिहून काढलीत. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू?"

"साहेब, ती गंमत होती हो!" नवरा उठून उभा राहिला. "घरातली थट्टा..."

"गंमतच," वहिनी म्हणाल्या. "पण गंमत कशी, ज्यांना कळते त्यांच्यासमोर करावी. अण्णांना कळत नाही ना, म्हणून म्हटलं या वेळी तुमची करू. त्या दिवशी अण्णा दारात उभे होते. तुमच्याशी बोलायला म्हणून सदरा घालून आले होते. तुम्ही सगळे किती हसलात! मग आज का बरं कुणी हसत नाही?"

डॉक्टरांनी अण्णांकडे बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली. अण्णा ताठ बसून एकेकाचा चेहरा न्याहाळत होते.

साहेब उठले. "उद्या ऑफिसात भेट मला," एवढंच ते नवऱ्याला म्हणाले. बाईसाहेब त्यांच्याही आधी दारात पोचल्या होत्या. घर समोरच असूनही डॉक्टर चप्पल घालायला न थांबता ती हातात घेऊन गेले.

हिशेबनीस मागे राहिला. त्यानं आपल्या नावाचा झेंडा उपटून खिशात घातला, सुरीनं मऊ चीजचा चांगला मोठा तुकडा कापून खाल्ला. मग अण्णांसमोर उभा राहिला. "मी सगळ्यात मोठ्यानं हसलो होतो," तो म्हणाला. अण्णांनी मान हलवली; माफ केलं म्हणून की आठवतंय म्हणून, ते त्याला कळलं नाही. तसाच तो निघून गेला.

दार लागताच नवरा फुटला. "माझं वाटोळं केलंस! लोकांत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस!"

"अहो," वहिनी टेबलावरच्या कोऱ्या बशा गोळा करत म्हणाल्या, "गंमत होती."

भागीदारी गेली. साहेबांनी नोकरीवरून काढलं नाही, पण नवऱ्याला गावाबाहेरच्या गोदामावर बसवलं. तिथे त्याचं बोलणं ऐकायला फक्त लाकडाच्या थप्प्या होत्या. घरी पाहुणे यायचे थांबले. फळीवरचं जवळजवळ सगळं उरलं होतं. वहिनी आणि अण्णा ते सकाळ-संध्याकाळ खात राहिले, आधी भोकांचं, मग निळं. नवरा त्याच टेबलावर मान खाली घालून उकडलेली अंडी सोलायचा. वहिनींना वाटलं होतं, कधीतरी आपल्याला त्याची दया येईल. आली नाही.

शिकवणारी बाई आली तेव्हा अण्णांनी पुन्हा तोंड उघडलं. गेलेले शब्द सगळे परत आले नाहीत, पण ते घोटत राहिले.

आणि एका रविवारी सकाळी, वहिनी ओट्यापाशी अंजीर चिरत असताना, नवरा स्वयंपाकघरात अण्णांच्या खुर्चीसमोर येऊन उभा राहिला. जिभेनं मैफली जिंकणाऱ्या त्या माणसाला शब्द सापडत नव्हते. "अण्णा," तो पुटपुटला, "माझं चुकलं. माफ करा."

अण्णांचे कान ठणठणीत होते. त्यांनी डावा हात सावकाश कानामागे नेला आणि चेहरा प्रश्नार्थक केला.

"माझं चुकलं!" नवरा मोठ्यानं म्हणाला.

हात कानामागेच राहिला. नवऱ्यानं वहिनींकडे पाहिलं, की हिनं तरी आता मध्ये पडावं. वहिनींनी सुरी खाली ठेवली, जाऊन रस्त्याकडची, डॉक्टरांच्या घरासमोरची खिडकी सताड उघडली आणि परत येऊन अंजीर चिरायला लागल्या.