आवडाबाईने बघितलेली चवळी

शहाऐंशीच्या हिवाळ्यात गोमाजीची वांगी वाकडी झाली. पानं सुरळीसारखी वळलेली, शेंडे पिळवटलेले. टोमॅटोची तीच गत. ठाण्याच्या शेतकी साहेबांनी खुर्चीतून न उठता 'रोग' असं निदान केलं. टिटवाळ्याजवळच्या त्या गावाने पारावरून न उठता 'आवडाबाईची नजर' असं. शेतापर्यंत जायची तसदी दोन्हीकडे वाचली.

आवडाबाईचा गुन्हा एवढाच, की आठवड्यापूर्वी बांधावर थांबून ती म्हणाली होती, "वांगी झ्याक हायेत रे!" ती धवलारीण. तिने धवले गायल्याशिवाय गावातल्या आगऱ्यांचं लग्न लागत नसे. आणि गोमाजीच्या मालूचं लग्न महिन्यावर आलेलं.

"काकी, लग्नाला तू नको येऊस," गोमाजी तिच्या पायांकडे बघत म्हणाला. वर बघायची छाती नव्हती.

एका मांडवातून उठवली की सगळ्या मांडवांतून उठणार, हे आवडाबाई जाणून होती. तिने दोन पत्र्याचे डबे आणले. एकात तिच्या गायीचं शेणखत, दुसऱ्यात गोमाजीने कल्याणच्या तबेल्यातून आणून वांग्या-टोमॅटोला घातलेलं. माती एक, चवळी एक.

"माझ्या गायीचा डबा तुझ्या ओटीवर. तबेल्याचा मागल्या दारी. तिकडं मी ढुंकून बघायची नाय."

मग रोज सकाळी ती ओटीवर बैठक मारून चवळीवर डोळे रोखी. "अगो बाय, काय पान! काय रूप! अशी चवली सात गावांत नाय!" गोमाजीची बायको चंद्रभागा मीठमोहऱ्या मुठीत धरून दाराआड उभी. येणाऱ्याजाणाऱ्या बाया पोरांची तोंडं पदराखाली झाकत.

वीस दिवसांत ओटीवरची चवळी खांबाला बिलगली. मागल्या दारची गोमाजीच्या वांग्यांसारखीच पिळवटून बसली.

तो डबा ओटीवर आणवून आवडाबाईने विचारलं, "हिला बघितला मी?"

"नाय, काकी."

"मंग गेल्या साली मालावरच्या गवतावर काय फवारलास?"

"औषध. गवत तेवढा ठेवतं, बाकी सगला मारतं."

"म्हनून पावसात तिथं टाकल्याची रानभाजी मिलली नाय मना! गवत कोनाला इकलास?"

"तबेल्याला."

"म्हशींनी तो खाल्ला, शेन टाकला, शेन तू ट्रक करून घरी आनलास. तुझाच इख, तुझ्याच वांग्यांत. माझा डोला मधी कुठं आला रे, मुडद्या?"

गोमाजी एकदा या डब्याकडे, एकदा त्या डब्याकडे बघत राहिला. मग त्याने हात जोडले. मालूच्या लग्नात आवडाबाईने असे धवले गायले, की वऱ्हाडी जेवायचे थांबले.

शिकल्यासवरल्या माणसाला वाटेल, प्रकरण मिटलं. पण गावानेही डबे नीट पाहिले होते. आवडाबाईने बघितलं ते फोफावलं, न बघितलं ते गेलं. यात गावाला शंका उरली नव्हती.

पुढल्या दिवाळीनंतर गोमाजीने तिला मानाने शेतावर बोलावलं. तबेल्याचा ट्रक बांधावर रिकामा होत होता. मागे शेजाऱ्यांचे आणखी दोन उभे.

"अरे, याच शेनानी वाटोला केला ना तुझा?"

"असूदे गो, काकी," म्हणत गोमाजीने शेणाच्या ढिगाशेजारी पाट मांडला. "औंदा तू हायेस. रोज सकाली येऊन नुसती बघत जा."