एकशेवीस इंच आणि एक खुर्ची

त्याला सगळे मापाडी म्हणत. खरं नाव बायकोला माहीत असणार, पण तीही ते फक्त भांडणात वापरायची. प्रोजेक्टर आणि पडदे बसवून द्यायचे हा त्याचा धंदा. आधी सभागृहांत, मग ऑफिसांत आणि आता लोकांच्या घराघरांत, अशी सव्वीस वर्षं गेली. माप आपलं कधी चुकत नाही, हे तो सांगत फिरायचा नाही. पण कुणी दुसऱ्याने सांगितलं तर नाहीही म्हणायचा नाही.

त्याची एक पद्धत होती. नुसत्या मापावर तो भिंतीला भोक पाडायचा नाही. आधी पडद्याच्या आकाराची पांढरी चादर भिंतीवर ताणायची, प्रोजेक्टर शिडीवर ठेवायचा आणि घरातल्या सगळ्यांना बसवून अर्धा तास सिनेमा दाखवायचा. त्या अर्ध्या तासात तो स्वतः सिनेमा बघत नसे, माणसं बघत असे. कुणाची मान अवघडते, कुणाचे डोळे बारीक होतात. ‘भोक पाडायला मिनिट लागतं, बुजवायला जन्म जातो,’ असं त्याचं म्हणणं.

तर या घरात त्याला बोलावलं ते चिरंजिवांनी. चिरंजीव म्हणजे पंचेचाळिशीचे, डोक्यावर चंद्र उगवू लागलेले गृहस्थ. सोबत सूनबाई, अकरा वर्षांची नात, आणि आजोबा. आजोबा छापखान्यात मशीनवर होते. यंत्राच्या खडखडाटाने कान हळूहळू गेले, आणि गेल्या चौदा वर्षांत तर काहीच ऐकू येत नव्हतं. कानाला लावायची यंत्रं सगळी वाया गेली. समोरच्याच्या ओठांवरून काय ते समजून घ्यायचे.

“एकशेवीस इंच,” चिरंजीव म्हणाले. “त्याखाली नाही. भिंती काळ्या करणार, खिडक्यांना पडदे काळे लावणार. एकदम थिएटर!”

मापाडीने टेप लावला. खोली सोळा फूट लांब, अकरा फूट रुंद. एकशेवीस इंची पडदा म्हणजे जवळजवळ पावणेनऊ फूट रुंद. बसत होता. प्रोजेक्टर भिंतीपासून तेरा फुटांवर, सोफा बारा फुटांवर. घोडं अडलं ते एकाच ठिकाणी. सध्याच्या टीव्हीच्या उजव्या हाताला, भिंतीला पाठ लावून एक लाकडी खुर्ची होती. पडद्याची कड बरोबर तिच्यावर येत होती.

“ही हलवावी लागेल.”

“हलवायची नाही,” आजोबा म्हणाले. त्यांनी मापाडीचे ओठ वाचले होते. ऐकू न येणाऱ्यांचा आवाज जसा सपाट आणि मोठा होतो तसा त्यांचा झाला होता. “माझी जागा आहे ती.”

“बाबा, तिथून तुम्हाला पडदा दिसणारच नाही!” चिरंजिवांनी त्यांच्यासमोर वाकून एकेक शब्द सुटा केला. “तुम्हाला सगळ्यात चांगली जागा. मधली!” मग मापाडीकडे वळून म्हणाले, “टीव्हीला पाठ करून बसतात हो तिथे. हट्ट नुसता. म्हातारपण.”

मापाडीलाही तसंच वाटलं. खोटं कशाला बोला? मधली जागा म्हणजे खोलीतलं सोनं. ती कुणी नाकारली, तर त्याला कळत नाही असंच तो धरून चालायचा. आजोबांनी दोघांकडे बघितलं, आणि स्वतःच खुर्ची बाजूला ओढली. मुलाची हौस त्यांच्या डोळ्यांसमोर नाचत होती.

रविवारी दुपारी खिडक्या झाकून चाचणी झाली. विनोदी सिनेमा लावला. आजोबा मधोमध, एका बाजूला चिरंजीव, दुसऱ्या बाजूला सूनबाई, पायाशी नात. चित्र असं झक्क आलं की चिरंजिवांनी टाळीच वाजवली. मापाडी मागे शिडीपाशी उभा राहून डोकी बघत होता.

तीन डोकी सरळ होती. मधलं फिरत होतं. सगळे हसले की आजोबांची मान गर्रकन डावीकडे, मग उजवीकडे, मग खाली नातीकडे. तिची तर त्यांना वेणीच दिसत असणार. दहा मिनिटांनी ते उठले. “चालू द्या तुमचं. मी जरा पडतो.”

“बघा!” चिरंजीव हिरमुसले. “ज्यांच्यासाठी करावं त्यांनाच काही नाही.”

मापाडी आतल्या खोलीत गेला. आजोबा पडले नव्हते, पलंगाच्या कडेला बसले होते. त्याने समोर स्टूल ओढलं आणि सावकाश विचारलं, “मधल्या जागेत काय खुपलं?”

आजोबांनी दाराकडे बघून घेतलं. “सिनेमा मला काय कळणार? खालच्या ओळी वाचेपर्यंत पळून जातात. मी या लोकांना बघतो. त्या खुर्चीवरून तिघांची तोंडं समोर दिसतात. रडायचं काही आलं की सूनबाई आधी नाक चोळते. पोरगी भ्याली की बोटं चावते. आणि हा माझा लेक, हसला की अजून लहानपणीसारखा दिसतो. चौदा वर्षं झाली यांचा आवाज ऐकून. तोंडं तेवढी उरलीत माझ्याकडे, आणि दिवसभर ती घरात नसतात.” मग त्यांनी मापाडीचं मनगट धरलं. “त्याला सांगायचं नाही हं. पोराने हौसेने मांडलंय. माझ्यापायी त्याचं मन नको मोडायला.”

मापाडीला स्वतःचीच लाज वाटली. इतकी वर्षं तो माणसं बघतो म्हणत होता, आणि खुर्ची कुठल्या दिशेला तोंड करून आहे हे बघूनही त्याला उमगलं नव्हतं.

बाहेर येऊन त्याने पुन्हा टेप काढला. शंभर इंची पडदा म्हणजे सव्वासात फूट. खुर्चीला अडीच फूट सोडायचे, पडदा साडेनऊ इंच डावीकडे सरकवायचा, त्याच्या मध्याला धरून प्रोजेक्टरही तितकाच. पडदा लहान झाला म्हणजे सोफा दहा फुटांवर येणार, दोन फूट पुढे. तेवढी तोंडंही आजोबांच्या जवळ.

“शंभर इंच,” त्याने जाहीर केलं. “आणि भिंती पांढऱ्याच राहू द्या.”

“अहो, परवा एकशेवीस बसत होता!”

“परवा माप चुकलं.”

“तुमचं?”

“माझं.”

हे बोलताना त्याचे कान तापले. चिरंजीव फुरंगटले, शेजाऱ्यांकडचा पडदा केवढा आहे तेही सांगून झालं. “नाकापेक्षा मोती जड नको,” मापाडी म्हणाला, आणि खुर्ची उचलून तिच्या जागी ठेवून आला. सूनबाईंनी आजोबांना हाताला धरून आणलं. चादर दुमडून लहान केली, शिडी पुढे घेतली, तोच सिनेमा पुन्हा सुरू झाला.

पडद्याचा आणि पांढऱ्या भिंतींचा उजेड सोफ्यावरच्या तिन्ही चेहऱ्यांवर पडला. टीव्हीचा कधी एवढा पडला नसेल. आजोबा खुर्चीत टेकून बसले आणि त्यांचे खांदे सैल पडले.

चिरंजीव पाच मिनिटं रुसून बसले. मग हसू आलंच. हसता हसता त्यांनी सहज बाजूला बघितलं, तर आजोबाही हसत होते. एक श्वास मागून. पडदा त्यांच्या खांद्यामागे होता. चिरंजीव पुढे बघू लागले. पुन्हा विनोद झाला, पुन्हा हसले, पुन्हा बाजूला बघितलं. आजोबा त्यांच्याकडेच बघत होते, आणि एक श्वास मागून हसत होते.

तिसऱ्या खेपेला विनोद यायच्या आधीच चिरंजीव हसले. मोठ्याने, तोंड भरून. आजोबाही हसले.

चिरंजिवांनी एकदा मापाडीकडे मान वळवली. मग ते पुन्हा पुढे बघू लागले, आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरून वाहायला लागले. हाताने पुसले, तरी थांबेनात.

आजोबांनी ते बघितलं. जरा पुढे झुकून, आपल्या त्या मोठ्या सपाट आवाजात त्यांनी नातीला विचारलं, “हा सिनेमा दुःखाचा आहे का गं?”

नात मान हलवून नाही म्हणाली. आजोबांना काही पटलं नाही. ते मुलाच्या तोंडाकडे बघत बसले.