शाळा कुणी बंद केली

धर्मप्रांतातल्या सगळ्या कॅथलिक हायस्कूलांचा इतिहास फादरांनी लिहिला आणि त्याची मुद्रितं मी डोळ्यांत तेल घालून तपासली. चौतीस वर्षं छापखान्यात हेच केलं होतं. फादरांची एक वेलांटी सुटू दिली नाही, वर त्यांना चार गोष्टी ऐकवल्या. मला घाई होती. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे माझ्या ताईकडे फार तर पंधरा दिवस होते, आणि त्याआधी मला तिच्या शाळेचं प्रकरण तिला वाचून दाखवायचं होतं.

ताई सिस्टर झाली तेव्हा मी बारा वर्षांची होते. त्यांच्या मठात रीत होती: एखादी सिस्टर वारली की तिचं नाव पुढे व्रत घेणाऱ्या मुलीला द्यायचं. ताईला मिळालं ते मुलींचं हायस्कूल काढणाऱ्या पहिल्या मुख्याध्यापिकेचं. घरचं नाव संपलं. मला त्या मठाचा असा राग आला की ते दुसरं नाव मी कधी तोंडातून काढलं नाही. पुढे त्याच शाळेची ती शेवटची मुख्याध्यापिका झाली. शाळा बंद करायच्या कागदावर सही तिची. उरलेल्या एकेचाळीस मुलींना दुसरीकडे जागा मिळावी म्हणून ती उन्हातान्हात शाळाशाळांतून हिंडली, आणि त्यानंतर त्याबद्दल कुणाशी चकार शब्द बोलली नाही.

पुस्तक आलं त्याच दुपारी मी मठाच्या आजारखोलीत गेले. ताई उशीला टेकून बसली होती, एवढीशी झालेली.

"आणलंस? वाच. आणि गाळू नकोस काही. तुला लहानपणापासून खोड आहे ती."

मी वाचत गेले. पत्र्याच्या दोन खोल्या, पहिल्या वर्षीच्या नऊ मुली, तीन वर्गांत फिरणारा एकच नकाशा. ताई मान डोलवत होती. मग शेवटचा परिच्छेद आला. त्यातल्या एका वाक्यासाठी मी फादरांना मुद्दाम फोन करून शाबासकी दिली होती: 'या सिस्टरांनी ज्या हातांनी शाळेचा पाया घातला, त्याच हातांनी अखेर तिला कुलूप लावलं.'

वाचतानाच माझ्या ध्यानात आलं. दोघींचं नाव एकच, म्हणून फादरांनी दोघींची मिळून एक बाई केली होती. आणि मी शहाणी, पानोपानी ताईचं नाव दिसतंय म्हणून हुरळून गेले होते.

"पुन्हा वाच," ताई म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. थाप मारता आली असती, पण सुचली नाही.

"मी व्रत घेतलं त्याच्या आधीच वारल्या गं त्या," ती म्हणाली. "त्यांनी कुठे बंद केली? मी केली."

"फादरांना सांगते मी. दुसऱ्या आवृत्तीत..."

"दुसरी आवृत्ती!" ती हसली आणि खोकल्याची उबळ आली. मी दोन घोट पाणी पाजलं.

"घर सोडलं. नाव सोडलं. जे मिळालं तेही त्यांचंच," ती म्हणाली. "माझी म्हणावी अशी माझ्या हातून एकच गोष्ट झाली. रोज प्रार्थनेत तिचीच माफी मागत आले. तीही त्यांच्या माथी मारलीत?"

"चुकलं गं माझं, ताई."

तिने तोंड भिंतीकडे वळवलं. त्यानंतर ती नऊ दिवस जगली. मी रोज जाऊन तिच्याजवळ बसले. इतर सिस्टरांशी ती दोन शब्द बोलायची. माझ्याशी बोलली नाही.