उभ्या गाडीचे तास

"किल्ली फिरव मार्ला, पण इंजिन चालू करू नकोस. मला फक्त आकडे बघायचेत," ड्वेन पिकअपच्या दाराला टेकून म्हणाला.

मार्लाने किल्ली फिरवली. तिचे वडील ऑर्विल बाहेर कोटाच्या खिशात हात घालून उभे होते. वय ब्याऐंशी, नजर अधू झालेली, गेल्याच महिन्यात लायसन्स गेलं होतं. आता गाडी ठेवून करायचं काय? बायको ॲर्डिसही शरदात गेली. म्हणून मुलगी मिनियापोलिसहून आली आणि गाडी विकायला त्यांना ड्वेनकडे घेऊन आली. सगळ्या परगण्यातल्या जुन्या गाड्या त्याच्याच हातून जातात. ऑर्विलना किमतीची फिकीर नव्हती. ड्वेनने गाडी फार निरखून बघू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"पंधरा वर्षांची गाडी आणि अवघे अडतीस हजार मैल," मार्ला म्हणाली. "नवीच म्हण की. अशा गाडीला लोक पंधरा हजार डॉलर हसत देतात, मी बघून आलेय."

ड्वेन 'हं' म्हणाला. वाकून त्याने खालचा गंज पाहिला, हौद्यात हात फिरवला, टायरच्या भेगेत नख घालून बघितलं. मग आत झुकून समोरचं बटण दोनदा दाबलं. दुसरा आकडा उमटला. ऑर्विलनी मान वळवली.

"इंजिन साडेचार हजार तास चाललंय," ड्वेन सावकाश म्हणाला. "एवढ्या मैलांना हजार-बाराशे तास पुरतात. बाकी सगळा वेळ गाडी जागेवर उभी होती, इंजिन चालू ठेवून. झिजायला रस्ताच लागतो असं नाही गं. मैल कमी दिसतात, पण इंजिन दमलंय. नऊ हजारांच्या वर मला नाही जाता येणार."

"जागेवर? एवढे तास?" मार्ला खाली उतरली. "बाबा, हे काय आहे?"

"थंडी असते," ऑर्विल म्हणाले. "गाडी गरम करावी लागते."

"माझी चेष्टा करतोस का? मीही इथेच वाढलेय."

ऑर्विल बुटाने खालचा बर्फ उकरू लागले. मार्ला त्यांच्याकडे बघत राहिली आणि बघता बघता तिचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे तू गाडीत बसायचास," ती म्हणाली. "आई आत एकटी, आणि तू अंगणात हीटर लावून मॅच ऐकत. संध्याकाळी फोन केला की कुणी उचलायचं नाही. सकाळी विचारलं की 'सगळं ठीक आहे'. मला यायचं होतं, तर 'एवढ्या लांब कशाला येतेस'. ती शेवटी शेवटी कशी होती, ते मला आजवर माहीत नाही. तिला टाळायला बसायचास ना इथे?"

एका वाक्यात सगळं निस्तरलं असतं, पण तेच वाक्य न बोलण्याचा ऑर्विलनी शब्द दिला होता, आणि ज्या माणसाला दिला ते माणूस आता शब्द परत घ्यायलाही उरलं नव्हतं. बरं, गप्प राहावं तर उरलेली एकुलती एक मुलगी हेच मनात धरून परत जाणार.

ड्वेनने टोपी काढून पुन्हा घातली. "मार्ला, सीटवर हात फिरव. आधी चालवणाऱ्याच्या, मग पलीकडच्या."

"कशाला?"

"फिरव तर खरी."

इकडचं कापड धड होतं. पलीकडची सीट मात्र दबून गेलेली, कडेला आतला स्पंज दिसत होता. दारावरची धरायची मूठ घासून पांढरी पडली होती.

"भाव करताना हेही बघतो आम्ही," ड्वेन म्हणाला. "एकटा माणूस बसला तर ती बाजू अशी होत नाही. आणि माझा घरचा रस्ता तुमच्या अंगणावरूनच जातो."

"ड्वेन, पुरे," ऑर्विल म्हणाले.

"मी कुठे काय बोललो, काका?" असं म्हणून तो कॉफी आणायला आत गेला.

पाच वर्षं, हिवाळा असो की उन्हाळा, तो त्या अंगणावरून गेला होता. उभ्या गाडीचे दिवे दिसले की स्टिअरिंगवरून दोन बोटं वर करायचा, आणि आतून ऑर्विलही करायचे. इकडे विचारपूस म्हणतात ती एवढीच.

"तिला घरी जायचं असायचं," ऑर्विल अखेर म्हणाले. "अंधारायला लागलं की कोट घालून दाराशी उभी. अगं, हेच आपलं घर, म्हटलं की रडायची, मला ढकलायची. मग गाडीत बसवायचो. पहिल्यांदा फिरवून आणली, तर गाडी हलली की घाबरायची. म्हणून नुसतं इंजिन चालू ठेवायचो. तिला वाटायचं, निघालो आपण. मूठ घट्ट धरून बाहेर बघत बसायची, एकदम शांत. कधी तास, कधी तीन. मग मी उतरून तिचं दार उघडायचो आणि म्हणायचो, आलं घर. ती हात पुढे करायची. आत गेली की म्हणायची, किती छान ठेवलंय या लोकांनी."

मार्लाचा हात त्या मुठीवरच राहिला होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"तिला कळत होतं तेव्हाच तिने वचन घेतलं होतं. मार्लाला मी अशी दिसता कामा नये, म्हणाली." ऑर्विलनी त्या मुठीकडे पाहिलं. "आज मोडलं."

ड्वेन कॉफी घेऊन आला. दोघांचे चेहरे बघून त्याने कागद काढलेच नाहीत. "सोमवारी आणा गाडी," तो म्हणाला. "भाव तोच राहील. आज हिच्यातूनच घरी जा."

परतताना ऑर्विल पलीकडच्या सीटवर बसले, ॲर्डिसच्या. बसल्याबरोबर हात आपसूक मुठीकडे गेला. अंगणात शिरेपर्यंत अंधारायला लागलं होतं. मार्लाने गाडी उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही. हीटरची ऊब पायांवर येत होती. समोर कापलेल्या शेतावर बर्फ निळसर दिसत होतं.

बऱ्याच वेळाने रस्त्यावरून एक पिकअप गेली. मार्लाने स्टिअरिंगवरून दोन बोटं वर केली.

मग ती उतरली, पुढून वळसा घालून आली आणि तिने वडिलांचं दार उघडलं.

"आलं घर, बाबा," ती म्हणाली.

ऑर्विलनी कोटाचं वरचं बटण लावलं आणि हात पुढे केला.