मशीनला हळद

पहिली मॅट मशीनच्या पलीकडच्या तोंडातून बाहेर आली आणि टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच अधांतरी राहिले. सायीच्या रंगाची, गालिच्यासारखी मऊ मॅट. तिच्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत लाल डाग उमटले होते.

"रक्त!" मृत्युंजय ओरडला.

"रक्त असतं तर मला कळलं असतं," डॉक्टर उज्वलाबाई शांतपणे म्हणाल्या. मॅट त्यांच्याच गाडीची होती.

वीरेशने धावत जाऊन मशीन बंद केलं, पण तोवर दुसरी मॅट आत गेली होती. ती हातानं ओढून बाहेर काढली. तीही तशीच. लोकांनी हातातले पेढे तोंडात टाकले आणि पुढे काय होतंय ते बघायला सावलीत सरकून उभे राहिले. मुहूर्त फसला की तो यशस्वी झाल्यापेक्षा जास्त बघण्यासारखा होतो, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही.

लातूरच्या नांदेड रोडवरचं हे वॉशिंग सेंटर वीरेशच्या वडिलांनी, चंद्रप्पांनी टाकलेलं. वीरेशने त्याला नवा पत्रा घातला, नवी पाटी लावली, आणि आता दसऱ्याच्या तोंडावर हे मॅट धुण्याचं मशीन आणलं होतं. हैदराबादला एका लग्नाला गेला असताना त्यानं ते पाहिलं आणि लग्न सोडून तिथंच उभा राहिला, असं त्याची बायको सांगते. इकडून मॅट घातली की आत ब्रश फिरतात, साबण पडतो, दोन रबरी रूळ पाणी पिळून काढतात, मग गरम वारा लागतो, आणि तिकडून मॅट कोरडी होऊन येते. पावसाळ्यात ओल्या मॅट घेऊन गेलेली गिऱ्हाइकं आठवडाभर कुबट वासाच्या तक्रारी करत. शिवाय पाणी टँकरचं. मशीनला घोटभर पाणी पुरत होतं. पहिल्या मॅटचा मान उज्वलाबाईंना, कारण वीरेशच्या दोन्ही लेकरांची बाळंतपणं त्यांच्या हातची.

आणि आता हे डाग. कुणी म्हणे ब्रशनं मॅटचा रंग काढला, कुणी म्हणे रुळाचं रबर कच्चं. जमलेल्यांत एकच माणूस काही बोलत नव्हतं. एरवी ते माणूस गप्प बसलंय असं कुणी पाहिलेलं नव्हतं.

सिद्धम्मा चंद्रप्पांच्या वेळेपासून इथं मॅट धूत होती. पंपाजवळ तिचा एक दगड होता. मॅट त्यावर आपटायची, ब्रशनं घासायची, भिंतीवर वाळत घालायची. तिला हे काम हलकं वाटत नसे. गाडीच्या नंबरात तिचं डोकं चालत नसे, पण मॅट पाहून ती माणूस सांगे. शेंगांची टरफलं निघाली की गुरुजी, सोयाबीनचा भुसा निघाला की आडत्या, आणि काहीच निघालं नाही तर, तिच्या मते, तो माणूस विश्वास ठेवायच्या लायकीचा नाही. फवारा मारणारा महेबूब अंगानं तिच्या दुप्पट, पण तिच्या तोंडाला टरकून असे. नवरा भीमा हमाली करता करता कंबर धरून बसला, लेकीचं उदगीरला लग्न झालं, हे सगळं या दगडावरच निभावलं होतं, आणि ते ती छाती पुढे काढून सांगत असे.

मशीन आलं त्या दिवशी त्याचं प्लास्टिक सोडता सोडता वीरेश म्हणाला होता, "मावशी, आता घरी आराम करा तुमी. लई केलाव आमच्यासाठी."

"आराम? अन् हे कोन चालवनार?"

"मृत्युंजय हाय की. माझा मेव्हना. आयटीआय झालाय त्याचं."

"मॅट कोन धुतलं इतकी वर्षं?"

"तुमीच."

"मग मॅटचं मशीन बी मीच चालवनार. ह्यात इचारायचं काय हाय?"

वीरेश "बघू" म्हणाला. या घराण्याच्या 'बघू'चा अर्थ सिद्धम्मा चांगला ओळखून होती. चंद्रप्पा तिला पगारवाढीच्या वेळी तेच म्हणायचे. तरी ती खचली नाही. कंपनीचा माणूस मृत्युंजयला शिकवत होता तेव्हा ती दगडावर मॅट घासत होती, पण कान सगळे तिकडे. मृत्युंजय मोबाईल बघत शिकला. ती न बघता शिकली.

तोच माणूस जाताना बजावून गेला होता, की पूजा करायची तर बाहेरून करा, आत काही लावू नका. वीरेशने अक्षरशः तसंच केलं. बाहेरच्या पत्र्यावर भस्माचे पट्टे ओढले, हळदीकुंकवाची बोटं लावली, नारळ लांब जाऊन दगडावर फोडला. सिद्धम्माला ही पूजा काही पटली नाही. लग्नघरात जात्याची पूजा करतात तेव्हा हळद जात्याला लावतात, जातं ठेवलेल्या खोलीच्या दाराला नाही. जिथं काम होतं तिथं हळद लागली पाहिजे. पेढे वाटायला सगळे तिकडे वळले तेव्हा तिनं मशीनचं झाकण उचललं आणि ओली हळद तळहातानं दोन्ही रुळांना चांगली चोपडली. जात्याच्या दोन दगडांना चोपडावी तशी. मनात मशीनला म्हणाली, "बाई, माझ्या हातचं काम तू घेऊलालीस. घे. पर मला टाकू नकोस."

हळदीवर साबण पडला की ती लाल होते. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. आयुष्यभर पातळावरचे डाग धुतले होते तिनं. पण पूजा करताना साबणाचा विचार कोण करतं?

आता मृत्युंजय फोनवर कंपनीशी भांडत होता. तिकडून आवाज आला, की रुळात दोष असू शकतो, मशीन पाठवून द्या, बदलून देऊ, पण दिवाळीनंतर. वीरेशने फोन ओढून घेतला.

"बदलून नको अन् काई नको! चार मानसात माझं तोंड काळं केलाव. टेम्पो लावून पाठवतो, ठेवून घ्या तुमचं तुमाला." फोन ठेवून तो उज्वलाबाईंची माफी मागू लागला. मग दगडाकडे वळून म्हणाला, "मावशी, बसा बगू तुमच्या जागी. आवंदाचा दसरा तुमच्याच जिवावर काढायचा हाय."

तिला जे ऐकायचं होतं ते हेच होतं. गेले कित्येक दिवस तिनं रात्री कूस बदलत हेच वाक्य वीरेशच्या तोंडी घालून पाहिलं होतं.

महेबूब फवारा खांद्यावर टाकून जवळ आला आणि हळूच म्हणाला, "अम्मा, लॉटरी लगी तुमारी."

"गप रे," ती म्हणाली, पण तिला हसू आलं. ती दगडावर जाऊन बसली. बादली ओढली, ब्रश भिजवला. खोटं कशाला सांगायचं, तिला फार आनंद झाला होता. आता मरेपर्यंत कुणी उठवणार नव्हतं.

तिकडे मृत्युंजयने वायर उपटली आणि जाता जाता मशीनच्या पत्र्यावर लाथ घातली. "भंगार साला," तो म्हणाला आणि प्लास्टिक गुंडाळायला लागला. पत्र्यावरची हळदीकुंकवाची बोटं प्लास्टिकखाली गेली.

सिद्धम्मानं ब्रश बादलीत टाकला. उठली. पदर खोचला.

"ए, लात कुनाला मारलास? पूजा झालेल्या वस्तूला?"

"खराब निघालंय मावशी ते."

"ते खराब न्हाई." मग ती वीरेशकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वीरेशअप्पा, मशीनचा दोष न्हाई. आत रुळाला हळद लागलीय. मी लावले."

वीरेशला आधी नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा तो म्हणाला, "आत लावू नका म्हनून सांगून गेला हुता की तो मानूस!"

"हाव. ऐकले मी."

"मग?"

"मला पटलं न्हाई."

सावलीतल्या लोकांत हशा पिकला. वीरेश मात्र हसला नाही. त्याचे कान लाल झाले होते. मृत्युंजय म्हणाला, "दाजी, हिला आदी घरी पाठवा. आज हळद लावली, उद्या नारळ फोडंल आत."

"पाठवा की," सिद्धम्मा म्हणाली. "पर रूळ धुतल्याबिगर मी जात न्हाई. अन् डॉक्टरीनबाई, तुमच्या मॅटचं काळजी करू नगा."

"नाही करत," उज्वलाबाई म्हणाल्या. "लग्नातली माझी साडी साबण लावून अशीच लाल करून ठेवली होती मी. कडक उन्हात टाका. हळद उडून जाते."

"तेच करनार हाय." दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. उज्वलाबाई संध्याकाळी येते म्हणून रिक्षानं दवाखान्याला गेल्या.

मॅट भिंतीवर पडल्या. ऑक्टोबरचं ऊन असं होतं की पत्र्याला हात लावू देत नव्हतं. सिद्धम्मा झाकण उघडून रूळ पुसत बसली. फडकं लाल व्हायचं, ती पिळायची, पुन्हा पुसायची. लोक पांगले. मृत्युंजय चहाला गेला. वीरेश खुर्ची ओढून जरा लांब बसला होता, फोन हातात होता, पण कंपनीला तो परत लावत नव्हता. बऱ्याच वेळानं उठून मशीनपाशी आला.

"मावशी, एक इचारू? गप बसला असताव तर हे गेलं असतं. तुमचा दगड तुमाला ऱ्हायला असता."

"हाव की. मला कळत न्हाई व्हय ते?"

"मग बोललाव कशाला?"

तिनं फडकं पिळलं. या वेळी पाणी नितळ पडलं. बोट रुळावरून फिरवून तिनं उन्हात धरून पाहिलं.

"त्याला तोंड न्हाई, अप्पा. मला हाय. चूक माझी, अन् लाता त्यानं खायच्या? असलं काम माझ्या हातून हुनार न्हाई. तुमी मला घरी पाठवा, न्हाईतर काई बी करा." तिनं झाकण खाड्कन लावलं.

फाटकातून एक जीप आत आली होती, चिखलानं भरलेली. महेबूब फवारा घेऊन पुढे झाला. मृत्युंजय चहाचा पेला ठेवून आला, वायर जोडली आणि शर्टाच्या बाह्या सारून मशीनपुढे उभा राहिला. सिद्धम्मा बाजूला सरकली. भिंतीवर त्या दोन मॅट सोडल्या तर आज काहीच नव्हतं. तिनं एकदा तिकडे पाहिलं आणि आपली पिशवी उचलली.

वीरेश स्वतः जीपकडे गेला. वाकून त्यानं मॅट ओढून काढल्या, गाडीखाली झटकल्या. मालकानं हे काम केलेलं महेबूबनं कधी पाहिलं नव्हतं. फवारा चालू ठेवूनच तो बघत राहिला आणि पाणी भलतीकडेच उडत राहिलं. मृत्युंजयनं मॅट घ्यायला हात पुढे केला. वीरेश त्याच्यासमोरून तसाच पुढे गेला आणि मॅट दोन्ही हातांवर घेऊन सिद्धम्मापुढे उभा राहिला.

सिद्धम्मानं मॅटकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. मॅटच्या मातीनं त्याचा मुहूर्ताचा पांढरा सदरा पोटावर भरला होता.

"उलटं धरलाव," ती म्हणाली. "रबर खाली पायजे."

वीरेशने मॅट उलटी केली. तिनं पिशवी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि मशीन सुरू केलं.