सुईवर राहिलेला स्वेटर

मी एक स्वेटर बोलतोय, आणि रागाने बोलतोय. ज्यांना गोड ऐकायचं असेल त्यांनी दुकानाच्या काचेमागे लटकलेल्या स्वेटरला विचारावं. त्याने काय भोगलंय? मला मात्र वर्षानुवर्षं माळ्यावर सुकटीच्या डब्याशेजारी कोंबून ठेवलं, आणि वर एका बाळाचा जीव घेतला म्हणून माझ्या नावाने बोटं मोडली.

आधी माझ्या जन्माचं सांगतो. मला लोकर म्हणतात, पण मेंढी मी आजवर पाहिलेली नाही. कारखान्यात जन्मलो, गुंडे होऊन पेणच्या बाजारात आलो. रंग हळदीचा. आमच्या दुकानदारालासुद्धा माझी किंमत नव्हती. खाडीच्या दमट हवेत स्वेटर कोण घालतं? गिऱ्हाईक यायचं ते तोरणाला नाहीतर रुखवताला लोकर मागायला. म्हणून प्रतिक्षाने "बाळाच्या स्वेटरला पायजे" म्हटलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "वहिनी, त्यापेक्षा पंखा घ्या."

प्रतिक्षा हसली नाही. ती गागोदे बुद्रुकची, डोंगराखालची. तिकडे पौषात वालाच्या शेतावर दव पडतं आणि माणसं अंगणात शेकोटी करून बसतात. थंडी काय असते ते तिला ठाऊक. सातवीनंतर तिची शाळा सुटली, पण शाळेत बाईंनी शिकवलेलं विणकाम सुटलं नाही. एक सुलट, एक उलट, हे तिला पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ. लग्न होऊन ती पेणच्या खाडीकाठी मिठागरवाल्यांच्या घरात आली. नवरा निलेश, दीर हरेश, आणि सासू हौसा, जिची अर्धी हयात मिठाच्या टोपल्या वाहण्यात गेली.

आता चूक काय झाली ते ऐका. बाळ जन्माला यायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही करायचं नाही, अशी इकडे रीत आहे. झबलं शिवायचं नाही, पाळणा आणायचा नाही. जन्मल्यावरसुद्धा पहिलं झबलं कुणाच्या तरी धडधाकट पोराचं जुनं घालायचं. प्रतिक्षाच्या माहेरीही हीच रीत. तिला वाटलं, शिवायचं नाही म्हणतात, विणायचं कोण नको म्हणतंय? स्वेटर काही कापड कापून होत नाही. शिवाय पुरा कुठे करायचाय, पाठ तेवढी विणून ठेवू, बाकीचा बाळ आल्यावर.

तर दुपारी मागच्या दारात बसून ती मला विणायची. पोटावर गुंडा ठेवायची, पोटातलं हललं की गुंडा हलायचा. मला ते आवडायचं. खालची पट्टी झाली, वर तळहाताएवढी पाठ झाली.

आणि हौसाने हे पाहिलं होतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे ती सोयीने विसरली. मासळी वाळत घालायला ती मागे आली, वाकली, माझ्यावरून खरखरीत बोट फिरवलं आणि म्हणाली, "मऊ हाय गो." तेवढंच. नको म्हणाली नाही.

पाचव्या महिन्यात ते बाळ गेलं.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी प्रतिक्षाचा हात धरून सांगितलं होतं की बाई, यात तुझं काही चुकलं नाही, कधी कधी असं होतं. पण दवाखाना तिकडे राहिला आणि प्रतिक्षा घरी आली. घरात शेजारणी जमलेल्या. हौसा त्यांना सांगत होती, "दिसभर सुया चालवीत बसायची. लोकरीला पीळ घातला, तो नालेला पडला."

नाळेला पीळ! अहो, सुई लोकरीत जाते, पोटात जात नाही. मला तोंड असतं तर तेव्हाच ओरडलो असतो. पण ज्याला तोंड होतं तो निलेश दारात हेल्मेट फिरवत उभा होता. म्हणाला, "शिफ्टला उशीर होतोय." त्या माणसाचं प्रत्येक गोष्टीवर हेच उत्तर. घराला आग लागली तरी आधी शिफ्ट आठवेल.

सगळ्यात जास्त राग मला प्रतिक्षाचा आला. तिने ते खरं मानलं. अंथरुणावर पडल्या पडल्या ती माझ्याकडे बघायची, जसं विंचवाकडे बघतात तसं. मग हौसाने मला सुयांसकट उचललं आणि माळ्यावर टाकलं. राहिलेले गुंडे मात्र टाकले नाहीत हं. ते कामाला आले. एकाने परसातला तोंडलीचा वेल बांधला, एकाने सुकटीच्या पिशव्यांची तोंडं. बाळ खाणाऱ्या लोकरीने तोंडली बांधलेली चालतात, तीच तोंडली खाल्लेलीही चालतात. माणसांचा हिशोब मला कधी कळला नाही.

पुढे निलेशला धाटावच्या एका कंपनीत कायम केलं, आणि तो प्रतिक्षाला घेऊन रोह्याला भाड्याच्या खोलीत गेला. तिथे तिला मुलगी झाली, तिचं नाव किमया. त्या वेळचं मला नंतर प्रतिक्षाच्या बोटांतून कळलं. नऊ महिने तिने सुई हातात धरली नाही. ब्लाउज उसवला तर सेफ्टी पिन लावली, निलेशच्या शर्टाचं बटण तुटलं तर तसाच कंपनीत पाठवला. पोर झाली, चांगली गुटगुटीत झाली, तरी हिचा जीव थाऱ्यावर नाही. झोपलेल्या किमयाच्या नाकाशी बोट धरून बसायची. पोर जरा खोकली की दवाखाना. शेजारीण म्हणायची, तुझ्या पोरीला सर्दीसुद्धा सुखाने होऊ देत नाहीस.

किमया शाळेत जायला लागली. निलेश रात्रपाळी करून आला की तिला बाईकवर पुढे बसवून सोडायचा. हिवाळ्यात कुंडलिका नदीवरून सकाळचा गार वारा येतो आणि पोरीचे कान लाल होतात. दर वर्षी प्रतिक्षाला मी आठवायचो. दर वर्षी ती म्हणायची, पुढच्या थंडीला बघू. आणि रस्त्यावरून टोपीवालं जॅकेट आणायची, ज्याची चेन संक्रांतीच्या आत तुटायची.

असं चाललं असतं तर मी माळ्यावरच कुजलो असतो. तेवढंही माझ्या नशिबी नाही, माझ्या जातीची लोकर कुजत नाही.

मग हरेशचं लग्न झालं. त्याची बायको नमिता, खांब गावची, बोलकी पोरगी. तिला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात ओटी भरायचं ठरलं. रोह्याहून प्रतिक्षा, निलेश, किमया आली. घर बायकांनी भरलं. नमिता पाटावर बसलेली, अंगावर हिरवी साडी, केसांत फुलं. कुणीतरी थट्टेत विचारलं, काय गो, पोरासाठी काय काय जमवलंस? नमिता लाजून म्हणाली, "काय नाय. एक टोपडं तेवढं विणीन म्हणते, मोबाईलवर बघून."

हौसा ताडकन उठली. शिडी लावून माळ्यावर चढली आणि मला घेऊन खाली आली. किती वर्षांनी मी उजेड पाहिला. माझ्या अंगावर झुरळांची घाण, सुयांना गंज. तिने मला सगळ्या बायकांसमोर धरलं, मेलेला उंदीर शेपटीला धरून दाखवतात तसं.

"ह्ये बघ नमिता. हिनं ह्ये केलं, आनि काय झालं ते इचार तिला. आमच्या घरात सुई नाय चालत."

नमिताचा हात आपोआप पोटावर गेला. तिच्या तोंडावरचं हसू विझलं.

प्रतिक्षा दाराशी किमयाची वेणी घालत होती. हातातली वेणी तशीच सोडून ती आली आणि मला हौसाच्या हातातून हिसकावलं. मला वाटलं, आता चुलीत जातो. पण तिने मला छातीशी धरलं. तिच्या छातीत असं धडधडत होतं की माझे टाके हलत होते.

"आई, तुम्ही बोट फिरवून मऊ आहे म्हणाला होतात. आठवतंय?"

हौसा शिडीकडे वळली.

"आणि निलेशच्या आधीचा तुमचा पोटातच गेला, तेव्हा कोण विणत होतं?"

हे कुणी बोलत नसे. निलेशलासुद्धा आपल्याआधी एक भाऊ होता हे कुठून तरी कानावर आलेलं, तेवढंच.

हौसा शिडीला धरून खाली बसली. म्हणाली, "टोपली उचलली म्हनून गेला, असं माझी सासू बोलली. मरेपर्यंत बोलली."

"मग तुम्हाला ठाऊक होतं ना कसं लागतं ते? तरी माझ्यावर घातलंत?"

याला उत्तर नव्हतं, आणि मिळालंही नाही. एका म्हातारीने ओटीचं ताट पुढे सरकवलं, म्हणाली, चला, मुहूर्त जातोय. निलेश तोंड उघडून म्हणणार होता की शिफ्टला उशीर होतोय. प्रतिक्षाने त्याच्याकडे एकदा पाहिलं. त्याने तोंड मिटलं, आणि जन्मात पहिल्यांदा त्या दिवशी खाडा केला.

मी रोह्याला आलो. प्रतिक्षाने मला साबणाच्या पाण्यात भिजवलं, दोरीवर सावलीत वाळवलं. तेव्हा दिसलं की मी किती लहान आहे. किमयाची एक बाही माझ्यात मावणार नाही. उसवावं आणि पुन्हा विणावं तर पुरेशी लोकर नाही, गुंडे तोंडलीला गेलेले. ती बाजारात गेली तर तो हळदीचा रंग आता येत नाही म्हणाले. मिळाला तो जरा फिकट. तीच लोकर घेतली, नव्या सुया घेतल्या, आणि किमयासाठी नवा स्वेटर विणायला बसली.

कशी बसली ते विचारू नका. निलेश शहाणपणा करायला गेला, म्हणाला, नमिताचं पार पडू दे, मग विण, उगाच काही झालं तर पुन्हा तुझ्यावर येईल. बोलला ते खरंच होतं. तिच्या पोटात तीच भीती बसलेली होती. गावाकडून फोन वाजला की सुई हातातून पडायची. टाके गळायचे, दोन ओळी विणून चार उसवायची. पण फोनवर बोलणं झालं की पुन्हा घ्यायची. दात आवळून विणायची, जणू कुणाशी भांडतेय. टाके इतके घट्ट पडायचे की सुई पुढे सरकायला कुरकुरायची. बायका मायेने विणतात असं म्हणतात. हिने तो नवा स्वेटर रागाने विणला, आणि मी सांगतो, रागाची वीण लवकर सैल पडत नाही.

माझं काय करायचं हे मात्र तिला कळत नव्हतं. मला उसवायला हात होत नव्हता. मी नुसता उशाशी पडून होतो.

अशात हरेश नमिताला बाळंतपणासाठी माहेरी खांबला पोचवायला निघाला. वाटेत दोन दिवस ती रोह्याला राहिली. आली ती पोट सांभाळत, आणि बसल्या बसल्या म्हणाली, "ताई, ते टोपडं मला शिकव."

प्रतिक्षाच्या हातातला टाका गळला. "नमिता, नको गो. आई काय म्हणतील?"

"आईंनीच पिशवी दिलीय."

पिशवीत सुकट होती. सुकटीखाली कागदात बांधलेला लोकरीचा पुंजका होता, हळदीचा. उन्हाने एका अंगाला पांढरा पडलेला, जागोजागी गाठी, वेलाचं एक वाळकं पान अडकलेलं. हौसाने तो तोंडलीवरून सोडवला होता. निरोप काही नव्हता. मी म्हटलं ना, उत्तर मिळालं नाही. ते आजही मिळालेलं नाही. पुंजका पाठवला म्हणून माझा राग गेला, असं कुणी समजू नये.

प्रतिक्षाने तो धुतला, गाठी सोडवल्या. नमिताच्या हातात सुया दिल्या, तिची बोटं धरून पहिले टाके घातले. मग प्रतिक्षाने इतक्या वर्षांनी माझ्या सुईवर अडकलेले टाके एकेक करून बंद केले. सुई निघाली तेव्हा मला केवढं हलकं वाटलं. आणि मला, तळहाताएवढ्या त्या जुन्या पाठीला, तिने किमयाच्या नव्या स्वेटरवर पोटाजवळ ठेवलं आणि तोंडलीवरून आलेल्या लोकरीने तीन बाजूंनी टाचलं. चौथी बाजू उघडी. मी खिसा झालो.

असा मी पुरा झालो. अंग फिकट, खिसा गडद, शिवण विटलेली. शाळेत बाईंनी विचारलं, एवढा सुंदर स्वेटर आणि खिसा वेगळा का? किमया म्हणाली, तो खिसा माझ्याहून मोठा आहे. बाई हसल्या. पण पोर खरंच सांगत होती. तिला आईने सांगितलंय की तिच्या आधी एक बाळ होतं आणि हे त्याचं आहे.

आता नमिताचे दिवस भरत आलेत. फोन वाजला की प्रतिक्षा आजही दचकते. काय बातमी येईल ते मला ठाऊक नाही. चांगली यावी, टोपडं डोक्यावर चढावं, एवढंच मी मागतो. पण जी येईल ती येवो, एक गोष्ट मी बजावून ठेवतो. सुईवर ढकलू नका, लोकरीवर ढकलू नका, टोपलीवर ढकलू नका. आणि त्या पोरीवर तर अजिबात नाही. तिचं आधीच गेलेलं असेल, तर वरून तुमचं बोलणं तिच्या ओटीत टाकू नका. हात रिकामे असतील तर तिच्या पाठीवर ठेवा. तेही जमत नसेल तर शिफ्टला जा.

मी सध्या रोह्यात आहे. सकाळी बाईकवर बसून पुलावरचा वारा खातो. किमया स्वतःचं बिस्कीट अर्धं खाते आणि उरलेलं माझ्यात ठेवते, त्या बाळासाठी. त्याचा चुरा होतो आणि मला आतून टोचतो.

टोचू दे. ते काढायला मी कुणाला सांगणार नाही.