चाकाची कवळी

"हात लावू नकोस! मेण मऊ आहे अजून."

भावाने हात झटकन मागे घेतला. "ताई, ही गाडी आहे. हिला दाढा नसतात."

"म्हणून तर सोपं आहे. कुठे टोचलं तर ओरडणार नाही."

गाडी अंगणात जॅकवर होती, पुढचं चाक काढून भिंतीला टेकवलेलं. चाकावरच्या कमानीत, जिथे जिथे स्क्रूची भोकं होती, तिथे तिने गुलाबी मेणाच्या गोळ्या चिकटवल्या होत्या. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. गल्लीत तिला कवळीवाली म्हणूनच ओळखत.

त्या कमानीत आतून एक काळं प्लास्टिकचं अस्तर असतं. चाकाने उडवलेलं पाणी नि चिखल ते अडवतं. या गाडीचं अस्तर उन्हापावसाने पापडासारखं तुटून गेलं होतं. पाणी थेट वायरिंगवर उडे आणि भर चौकात गाडी बंद पडे. या मॉडेलचं अस्तर आता कुठेच मिळत नव्हतं. मिळालं ते नंतरच्या मॉडेलचं, चार बोटं लांब, भोकं भलतीकडेच.

"बसणार नाही," गॅरेजवाल्याने एका नजरेत सांगून टाकलं होतं. हे वाक्य तिने कवळी घेऊन परत आलेल्या प्रत्येक माणसाकडून ऐकलं होतं, आणि तिथूनच तिचं खरं काम सुरू होई.

आज मात्र वेळ कमी होता. भावाने भंगारवाल्याला दुपारी बोलावून ठेवलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाबांचं गाडी चालवणं बंद केलं होतं, त्याला आठवडा झाला होता. बाबांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "चालत असेल तर तू चालव, पोरी. नसेल तर जाऊ दे." तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

तिने अस्तर कमानीत दाबून धरलं नि अलगद काढलं. मागच्या बाजूला गुलाबी ठिपके उमटले होते, अगदी जागच्या जागी.

"बाबा, बघा! सगळे उमटले!"

पायरीवर बसलेल्या बाबांना ठिपके दिसले नसावेत. पण तिचा आवाज त्यांना पुरेसा होता. "मग पाड भोकं. बघतेस काय?"

तिने भोकं पाडली. जास्तीची कड कापली. उरलेली कड गरम हवेच्या बंदुकीने मऊ केली, बोटांनी आत वळवली आणि वळण धरेपर्यंत वर ओला फडका दाबून बसली. स्क्रू एकामागून एक असे आत गेले, की तिला हसूच फुटलं. दुसरी बाजू निम्म्या वेळात झाली. वहिनी पाणी घेऊन आली तर ही गाडीभोवती गिरकी घेत होती.

"बसलं! अगं, बसलं!"

चाकं लावली, जॅक उतरवला. तिने गाडी सुरू करून स्टेअरिंग पूर्ण वळवलं.

घर्रर्र. टायर अस्तराला घासत होता.

नेमका त्याच वेळी भंगारवाला फाटकातून आत आला. पोट आधी, मग तो. "आवाज ऐकूनच कळलं, हीच गाडी," तो म्हणाला.

भाऊ हसला. ती हसली नाही. स्टेअरिंगवर हात तसाच ठेवून ती विचार करत राहिली आणि एकदम तिने कपाळावर हात मारला. "मूर्ख आहे मी! जॅकवर असताना चाक खाली लोंबतं. तोंड उघडं असताना कवळी सगळ्यांनाच बसते. चावल्यावर कळतं!"

लॅबमध्ये त्यासाठी निळा कागद असे. तो दातांमध्ये धरून चावायला सांगायचं. जिथे निळा डाग, तिथे घासायचं. तिने निळे खडू कुटले, पाण्यात कालवले आणि दोन्ही टायरांना फासले.

"आता वजन हवं. बसा सगळे! काका, तुम्ही पुढे."

"मी?" भंगारवाला म्हणाला. "मी गाडी न्यायला आलोय, बाई."

"ते मग बघू. तुमच्याइतकं भरीव इथे कुणी नाही."

वहिनी खुदकन हसली. ती आणि भाऊ मागे बसले. काका पुढे बसले, तशी गाडी त्या अंगाला झुकली.

"आणि स्टेअरिंग?" भावाने विचारलं.

तिने बाबांकडे पाहिलं. "उभ्या गाडीचं स्टेअरिंग फिरवायला डॉक्टरांची ना नाही."

बाबा उठले. शर्टाच्या बाह्या सरळ केल्या, सीट एक घर पुढे घेतली, हँडब्रेक ओढलेला आहे ना ते चाचपलं. मग गाडी सुरू केली.

ती टॉर्च घेऊन जमिनीवर आडवी झाली. चाकं डावीकडे वळली, उजवीकडे वळली. अस्तरावर, मागच्या कोपऱ्यात, बोटभर निळा डाग.

"सापडला!"

गरम हवा, अंगठ्याचा दाब, ओला फडका. पुन्हा निळा रंग. पुन्हा डावीकडे, उजवीकडे. डाग नखाएवढा झाला. दुसऱ्या बाजूचाही तसाच. पुन्हा गरम हवा. मग बाबांनी चाकं या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवली, तेव्हा इंजिनाच्या गुरगुरीशिवाय आवाज नव्हता. दोन्ही अस्तरं काळीभोर, कुठेच निळं नाही.

तिने ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात उघड्या दारातून बाबा दिसले. पाठ ताठ, नजर समोरच्या भिंतीपलीकडे. दोन्ही हात असे फिरत होते, जणू घाटातलं एकेक वळण पार होत होतं.

"झालं का, बाई?" काकांनी घाम पुसत विचारलं.

"थांबा जरा." तिने टॉर्च विझवला. "बाबा, परत एकदा. डावीकडे, पूर्ण."

चाक वळलं. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे. काकासुद्धा उतरायची घाई न करता मांडीवर हात ठेवून बसून राहिले.

शेवटी बाबांनीच चाकं सरळ केली. गाडी ठेवताना ते नेहमीच तसं करत, पुढे चालवणाऱ्याला सोपं जावं म्हणून. त्यांनी इंजिन बंद केलं, किल्ली तिच्या निळ्या हातावर ठेवली आणि गाडीला एका हाताने धरत, पुढून वळसा घालून पलीकडच्या दाराशी जाऊन उभे राहिले, काका उतरण्याची वाट पाहत.